ऑटोमॅटिक गाडी गचके देतेय? गिअरबॉक्स खोलायच्या आधी हे तपासा

"गिअरबॉक्स गेला" हे ऐकून लगेच हो म्हणू नका. निम्मा घोळ इथेच असतो की, 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात, आणि एकात जो दोष तो दुसऱ्यात स्वभाव असतो.

लीव्हरला 'पी' (पार्क) नसेल तर बहुधा एएमटी: आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक पंप करतो. पहिल्याचा दुसरा पडताना मान डोलावी एवढा हिसका यात नेहमीचाच. सीव्हीटीत (यात ठराविक गिअर नसतात, पट्टा आणि पुली असतात) आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, आधी चढतो, वेग मागून येतो, तेही नेहमीचं. उरलेले दोन म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा) आणि डीसीटी (दोन क्लचवाला). कोणता आहे ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

आता फुकटातल्या तपासण्या. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. बॅटरी मरगळली की एएमटी हमखास रुसतो: गिअर पडत नाही, 'एन' (न्यूट्रल) लुकलुकत राहतो. लीव्हर 'पी'मधून हलतच नसेल तर मागे माणूस उभा करून ब्रेक दाबा. ब्रेक लाइट लागत नसेल तर आधी फ्यूज आणि ब्रेक पेडलचा स्विच बघा. गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हे कळतच नाही, म्हणून ती लीव्हर सोडत नाही.

मग स्कॅनर, म्हणजे गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. पी०७०० दिसला म्हणून घाबरू नका, तो फक्त "गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे चौकशी करा" एवढंच सांगतो. खरा कोड त्या कंट्रोलरमध्ये असतो, आणि स्वस्त स्कॅनर तिथवर पोचत नाहीत. पी०७१५ किंवा पी०७२० म्हणजे स्पीड सेन्सर किंवा त्याची वायर. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, क्लच घसरत असण्याची शक्यता. पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) नीट काम करत नाही. कोड पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. पुसलेला कोड म्हणजे हरवलेला पुरावा.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत सगळ्यात जास्त माहिती तेल देतं. दहा-पंधरा किलोमीटर चालवून सपाट जागी लावा, ब्रेक दाबून लीव्हर सगळ्या जागांवरून फिरवून 'पी'त आणा, पुस्तिकेत वेगळं सांगितलं नसेल तर इंजिन चालूच ठेवून डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढा आणि पांढऱ्या कागदावर थेंब टाका. पारदर्शक लाल किंवा किंचित तांबूस असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेट्स जळाल्यात. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधट असेल तर आत पाणी किंवा कूलंट शिरलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर हे होऊ शकतं. असं तेल दिसलं तर इंजिन बंद करा आणि गाडी पुन्हा सुरूसुद्धा करू नका. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तिथे गाडी लिफ्टवर सपाट धरून, कंपनीने सांगितलेल्या तापमानाला गिअरबॉक्सच्या लेव्हल प्लगमधून (पातळी बघायचं बूच) पातळी बघतात. "सीलबंद आहे, तेल आयुष्यभर बदलायचं नाही" असं कोणी म्हणालं, तर आयुष्य कोणाचं ते विचारा.

तेल कमी आढळलं तर नुसतं भरून निघू नका, गळती शोधा. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. आणि सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं तेल) कधीच ओतू नका. पट्टा आणि पुली यांची पकड त्याच्या खास तेलावर अवलंबून असते.

चालवून बघताना 'एन'मधून 'डी' टाकल्यावर गाडीने साधारण दीड सेकंदात ओढ घ्यायला हवी. उशीर होऊन मग धाडकन गिअर पडत असेल तर तेल कमी आहे किंवा दाब कमी पडतोय. उशीर न होता नुसताच 'ठक्' आवाज येत असेल तर आधी इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) बघा, ते खूप स्वस्त पडतं. ६० ते ८० च्या वेगात, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर रिकाम्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेक पेडलला निसटता स्पर्श करा. लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉकअप क्लचवर, आणि कित्येकदा योग्य ग्रेडचं तेल बदलून भागतं. ब्रेकला स्पर्श करूनही थरथरत असेल तर इंजिनचं मिसफायर (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) तपासा.

एएमटीत चढावर आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही, वास येतो? क्लच प्लेट संपली. प्लेट बदलूनही गचके राहिले, तर स्कॅनरने क्लच लर्निंग (नव्या प्लेटची पकड कंट्रोलरला शिकवणं) केलं का ते विचारा. ते राहून गेलं तर नवी प्लेटसुद्धा नीट पकडत नाही. ड्राय क्लचच्या (क्लच तेलात न बुडलेल्या) डीसीटीलाही घाटातल्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरलेली चालत नाही. तापल्याची सूचना आली तर बाजूला घेऊन 'पी'त थंड होऊ द्या.

ब्रेक दाबून फुल अ‍ॅक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट फक्त टॉर्क कन्व्हर्टरची. तीही ५ सेकंदांच्या आत, आणि जाणकाराच्याच हातून.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल तर तो लिम्प मोड, म्हणजे दोष दिसल्यावर गाडीने स्वतःला वाचवायला घातलेली मर्यादा. बंद-चालू केल्यावर सुटला तरी दोष आतच असतो. उचलून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीचा तेलपंप फिरत नाही, आणि ओढणारी चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात.