मौन प्रार्थनेला बसताय? या चुका टाळा

ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पाच-सात जण तरी मौन प्रार्थना शिकायला येतात. ईस्टरपर्यंत एखादाच टिकतो. सोडणाऱ्यांचं कारण दरवर्षी तेच : 'काही वाटतच नाही.'

प्रार्थना वाटण्यावर मोजणं, ही सगळ्यांत मोठी चूक. मीही केली आहे. तेविसाव्या वर्षी पहाटे बसायला लागले. पहिले पंधरा दिवस डोळे भरून यायचे, मग सगळं कोरडं पडलं. वीस मिनिटांची दहा झाली, दहाची पाच, आणि एके दिवशी बसणंच सुटलं. देव माझ्यापासून दूर गेला असं धरून मी दोन वर्षं काढली. पुढे एका रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेसाठीच्या एकांतवासात, वयस्कर सिस्टरना हे सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कितव्या मिनिटाला उठायचीस गं?"

येशूसंघाचे (जेज्विट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी सोळाव्या शतकातच सांगून ठेवलंय : मन कोरडं असेल तेव्हा ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा. तेव्हापासून माझा नेम असा, की कोरड्या दिवशी वीसऐवजी एकवीस मिनिटं. त्या शेवटच्या मिनिटात मी काही मागत नाही, नुसती बसते. स्पेनमधल्या जोगीण, आविलाच्या संत तेरेजा यांनीही लिहिलंय, की कित्येक वर्षं त्या तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडे कान लावून असत. मग आपण पंधरा दिवसांत का हात टेकावेत?

दुसरी चूक, प्रार्थनेसाठी घेतलेला बायबलचा उतारा भराभर वाचणं. एका तरुणाने आठवड्यात मार्कचं अख्खं शुभवर्तमान, सोळाही अध्याय, संपवलं आणि म्हणाला, "ताई, हाती काही लागलं नाही." त्याला मी फक्त बार्तीमयाचा प्रसंग दिला, दहाव्या अध्यायातल्या शेवटच्या सात ओव्या. तो आंधळा भिकारी येशूकडे जाताना अंगावरचं वस्त्र टाकून देतो, तिथेच हा चार दिवस अडकला. पाचव्या दिवशी म्हणाला, "मला काय टाकायचंय ते कळलं." काय, ते मी विचारलं नाही.

मन भरकटलं तर त्याच्याशी भांडू नका. मी 'प्रभू येशू' म्हणते आणि परत येते, वीस मिनिटांत तीस वेळा यावं लागलं तरी.

फोन दुसऱ्या खोलीत. वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ पुरतं. कानात संगीत लावून बसणं मला मुळीच पटत नाही. मौनाची सवय मौनातच लागते.

रात्री झोपण्याआधी दिवसभराचं आत्मपरीक्षण करताना लोक थेट पापांची यादी काढतात आणि आठवड्यात कंटाळतात. इग्नेशियसच्या पाच पायऱ्यांत पहिली पायरी आभाराची आहे, ती गाळू नका. काल रात्री माझी सुरुवात शेजारच्या मावशींनी हातावर ठेवलेल्या सुकेळीपासून झाली. दुपारी मी त्यांच्याशी तुटक बोलले होते, हे त्यानंतर आठवलं.