सुपरहिरो मालिकांच्या पार्श्वसंगीताचा संग्रह कसा करावा

सुपरहिरोंच्या दूरचित्रवाणी मालिका आणि ॲनिमेशनपट यांचे संगीत जमवायला घेणाऱ्याने आधी एक गोष्ट पक्की करावी. आपल्या संग्रहाचे एकक अल्बम नसून संगीताचा प्रत्येक तुकडा आहे, म्हणजे कोणत्या भागातल्या कोणत्या प्रसंगासाठी कोणत्या संगीतकाराने तो रचला, हे आहे. चित्रपटाचे संगीत बहुधा एका संगीतकाराचे असते आणि एका अल्बममध्ये मावते. मालिकेचे मात्र अनेक भाग, अनेक संगीतकार आणि अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी निघालेले अल्बम असतात. अल्बमच्या नावावर विसंबणाऱ्याकडे एकच तुकडा तीनदा येतो आणि हवा असलेला तुकडा कुठेच सापडत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 1992 मध्ये सुरू झालेली ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’. तिचे शीर्षकसंगीत डॅनी एल्फमन यांनी 1989 च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटासाठी रचलेल्या धुनेवर आधारलेले आहे. त्यामुळे अनेक जण सगळ्या मालिकेचे श्रेय त्यांनाच देतात. प्रत्यक्षात मालिकेच्या संगीताची धुरा शर्ली वॉकर यांच्याकडे होती. त्या चित्रपटाच्या संगीताच्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंदाचे संचालन वॉकर यांनीच केले होते, आणि मालिकेसाठी त्यांनी बॅटमॅनची स्वतःची वेगळी धून बांधली. प्रत्येक भागासाठी खऱ्या वाद्यवृंदाकडून नवे संगीत वाजवून घ्यायचे, हा त्या मालिकेचा शिरस्ता होता. मुलांच्या ॲनिमेशनमध्ये तो तेव्हा फार दुर्मिळ होता. वॉकर यांच्या हाताखाली तयार झालेले लोलिता रिटमानिस, मायकेल मॅककुइस्टियन आणि क्रिस्टोफर कार्टर हे तिघे पुढे ‘डायनॅमिक म्युझिक पार्टनर्स’ या नावाने ‘टीन टायटन्स’पासून ‘यंग जस्टिस’पर्यंत अनेक मालिकांना संगीत देत राहिले. म्हणून या मालिकेपासून सुरुवात करणाऱ्याने नायकाच्या नावामागे न धावता संगीतकारांच्या नावांचा माग काढावा. मग 1990 ची ‘द फ्लॅश’, 1996 ची ‘सुपरमॅन: द ॲनिमेटेड सिरीज’, ‘बॅटमॅन बियाँड’ आणि ‘जस्टिस लीग’ ही एकाच घराण्याची मांडणी कशी आहे, हे कानांनाच उमगू लागते.

खरेदीआधी यादी करावी. कागदावर करा किंवा संगणकावरील तक्त्यात, परंतु रकाने सुरुवातीलाच ठरवून घ्या: मालिका, पर्व, भागाचे नाव, निर्मितीक्रमांक, ट्रॅकचे नाव, संगीतकार, अल्बम, प्रकाशक, कॅटलॉग क्रमांक आणि कालावधी. निर्मितीक्रमांकाचा आग्रह धरण्यास कारण आहे. ‘ऑन लेदर विंग्ज’ हा बॅटमॅन मालिकेचा प्रथम तयार झालेला भाग; पण 5 सप्टेंबर 1992 रोजी आधी प्रसारित झाला तो ‘द कॅट अँड द क्लॉ’चा पहिला भाग. धुना कशा जन्मल्या आणि कशा बदलत गेल्या हे ऐकायचे असेल तर निर्मितीचा क्रमच उपयोगी पडतो. प्रसारणाचा क्रम वेगळ्या रकान्यात ठेवावा, म्हणजे दोन्ही वाटांनी शोध घेता येतो.

माहिती पडताळण्यासाठी डिस्कॉग्ज आणि म्युझिकब्रेन्झ हे दोन ऑनलाइन संगीतकोश पुरेसे आहेत. जपानी ॲनिमेशनसाठी मात्र व्हीजीएमडीबी हा ऑनलाइन कोश पाहावा. तेथे जपानी आवृत्त्यांचे कॅटलॉग क्रमांक आणि मूळ लिपीतील ट्रॅकनामे मिळतात. युकी हायाशी यांच्या ‘माय हीरो अकॅडमिया’च्या संगीतासारखे अल्बम शोधताना त्यांची गरज भासतेच, कारण एकाच ट्रॅकची इंग्रजी नावे ठिकठिकाणी निरनिराळी लिहिलेली आढळतात.

एखादा अल्बम समोर आला की तो नेमका कोणत्या जातीचा आहे हे पाहावे. मालिकेसाठी मूळ वाजवलेले ध्वनिमुद्रण एक, दुसऱ्या वाद्यवृंदाने पुन्हा वाजवलेले दुसरे, आणि मालिकेत वापरलेल्या किंवा तिच्यावरून सुचलेल्या गाण्यांचा संच तिसरा. लंडनची सिल्व्हा स्क्रीन ही कंपनी प्राग शहरातील वाद्यवृंदाकडून गाजलेल्या धुना नव्याने वाजवून घेऊन त्यांचे संच काढते. त्यांत काही वादन फार चांगले आहे. परंतु ते मूळ म्हणून नोंदवता कामा नये. वाद्यवृंदाचे नाव आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष पुस्तिकेत वाचले की हा प्रश्न मिटतो.

जुन्या मालिकांच्या बाबतीत शोधाची दिशाच बदलावी लागते, आणि संग्रहाचा सर्वाधिक आनंद मला याच कामात वाटतो. 1967 च्या ‘स्पायडरमॅन’ ॲनिमेशन मालिकेचे शीर्षकगीत सर्वांना ठाऊक असते. तिच्या पहिल्या पर्वाचे पार्श्वसंगीत रे एलिस यांचे होते. नंतरच्या पर्वांत मात्र खर्च वाचवण्यासाठी लंडनच्या केपीएम या संगीत-ग्रंथालयातील तयार तुकडे वापरले गेले. अशी ग्रंथालये ‘पाठलाग’, ‘गूढ’, ‘शहराची रात्र’ अशा प्रसंगांसाठी आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेले संगीत निर्मात्यांना शुल्क घेऊन पुरवत. म्हणजे इमारतींमधून झोके घेणाऱ्या नायकामागे जे झोकदार जॅझ ऐकू येते, ते स्पायडरमॅनच्या नावाने शोधून मिळत नाही. सिड डेल यांच्यासारख्या ग्रंथालय-संगीतकारांच्या नावाने, केपीएमच्या हिरव्या वेष्टनाच्या तबकड्यांत किंवा त्यांच्या डिजिटल आवृत्त्यांत ते शोधावे लागते. पद्धत सोपी, पण चिकाटीची आहे. भाग लावावा, संगीत सुरू होण्याची मिनिटे आणि सेकंद टिपावेत, संवाद नसलेला तुकडा निवडून ग्रंथालयाच्या ट्रॅकशी जोडून ऐकावा आणि जुळल्यास दोन्ही नावे यादीत लिहावीत. एकच तुकडा अन्य मालिकांतही भेटतो. तीही नोंद ठेवावी.

नव्या मालिकांत अडचण उलटी आहे, कारण तेथे संगीताची टंचाई नसून विभागणी फार आहे. ‘वाँडाव्हिजन’च्या संगीताचे 2021 मध्ये प्रत्येक भागासाठी स्वतंत्र अल्बम निघाले, त्यांत क्रिस्टोफ बेक यांचे पार्श्वसंगीत आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ व रॉबर्ट लोपेझ यांची गाणी शेजारी शेजारी आहेत. त्याच वर्षीच्या ‘लोकी’चे नताली होल्ट यांचे संगीत पहिले तीन भाग आणि नंतरचे तीन भाग अशा दोन खंडांत आले. असे अल्बम बहुधा डिजिटल स्वरूपातच घ्यावे लागतात. केवळ ऐकण्याच्या सेवेवर जमवलेली यादी म्हणजे संग्रह नव्हे. हक्कांचा करार संपला की ट्रॅक करडा पडतो आणि वाजत नाही. शक्य असेल तेथे फाइल विकत घ्यावी, आणि दर्जाचा पर्याय मिळत असल्यास माहिती न गाळणारे फ्लॅक स्वरूप निवडावे.

व्हिडिओ संकेतस्थळांवर ‘अप्रकाशित संगीत’ म्हणून चढवलेल्या फाइल्सपासून दूर राहावे. पुष्कळदा त्या मालिकेच्या ध्वनीतून संवाद पुसून तयार केलेल्या असतात. नीट कान दिला तर तंतुवाद्यांच्या लांबलेल्या सुरामागे पावलांचा आवाज किंवा दार आपटल्याचा अवशेष ऐकू येतो. संगीतकाराला त्यातून काही मिळत नाही, आणि अधिकृत आवृत्तीची मागणीही त्यामुळे कमी होते.

सीडींच्या क्षेत्रात सर्वांत महत्त्वाचे नाव ला-ला लँड रेकॉर्ड्स या अमेरिकी कंपनीचे आहे. तिने बॅटमॅन मालिकेचा पहिला संच 2008 मध्ये 3,000 प्रतींच्या मर्यादेत काढला आणि पुढचे खंड 2012 पासून आणले. मर्यादित आवृत्ती संपली की दुसऱ्या हाताच्या बाजारात किंमत झपाट्याने चढते. म्हणून आवडत्या संगीतकाराचा नवा संच जाहीर होताच मूळ प्रकाशकाकडून घेणे अखेरीस स्वस्त पडते. भारतात मागवताना टपालखर्च आणि आयातशुल्क धरूनच हिशेब करावा, आणि दोन-तीन संच एकत्र मागवावेत. जुनी प्रत घेताना विक्रेत्याकडे तबकडीच्या मागील बाजूचे, मधल्या वर्तुळाजवळच्या कोरीव क्रमांकाचे छायाचित्र मागावे आणि ते डिस्कॉग्जवरील नोंदीशी ताडून पाहावे. मागची बाजू हिरवट किंवा जांभळट दिसली तर ती घरी लिहिलेली सीडी असण्याचा संभव असतो.

विस्तारित आवृत्ती हाती आली म्हणून जुनी लगेच विकू नये. वॉकर यांचे संगीत असलेल्या ‘मास्क ऑफ द फँटॅझम’ या बॅटमॅनच्या ॲनिमेशनपटाचा मूळ अल्बम 1993 चा आणि विस्तारित आवृत्ती 2009 ची. दोन्हींचे ट्रॅक, त्यांची लांबी आणि गाण्यांचा समावेश समोरासमोर ठेवून तपासल्यावरच निर्णय घ्यावा. त्या चित्रपटाच्या आरंभी गाणारा समूहस्वर लॅटिनसारखा भासतो. पण ते शब्द म्हणजे निर्मितीशी संबंधित लोकांची उलटी वाचलेली नावे आहेत, असे वॉकर यांनीच सांगितले होते. असे तपशील पुस्तिकांतून आणि मुलाखतींतून मिळतात, म्हणून पुस्तिकाही स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

सीडी संगणकावर उतरवताना एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्राम वापरावा. तो आपली प्रत इतरांनी उतरवलेल्या त्याच तबकडीच्या प्रतींशी ताडून चुका दाखवतो. फ्लॅकमध्ये एका सीडीला साधारण 300 ते 400 मेगाबाइट लागतात. त्यानंतर टॅग, म्हणजे फाइलमध्येच साठवली जाणारी ट्रॅकची माहिती, भरावेत, आणि येथे घाई करू नये. आयते मिळणारे टॅग ‘कलाकार’ या रकान्यात सर्व ट्रॅकना एकच नाव चिकटवतात. आपण मात्र ‘संगीतकार’ हा रकाना प्रत्येक ट्रॅकसाठी पुस्तिका पाहून भरावा. ट्रॅकच्या नावाआधी भागाचे नाव लिहावे आणि एकाच भागाचे सलग तुकडे गट म्हणून बांधावेत, म्हणजे बॅटमॅन मालिकेतला ‘द लास्ट लाफ’ हा भाग कोणत्याही खंडातून उचलून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकता येतो.

मुंबई आणि कोकणातल्या हवेत सीडीपेक्षा पुस्तिका लवकर बिघडते. पावसाळ्यात तिची चकचकीत पाने एकमेकांना चिकटतात आणि ओढल्यास छपाई निघते. डब्या बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात, पुड्या मृगाआधी बदलाव्यात, आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत तबकड्या कधीही ठेवू नयेत. फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असाव्यात. त्यांतली एक दुसऱ्या घरी, आणि यादीची प्रत दोन्हींवर.