पूर अनुदानातून खरेदी करताना: निविदा टळते, कागद टळत नाही

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेलं. अशा रात्री कुणी दरपत्रकं मागवत बसत नाही, बसूही नये. पंचाईत होते दोन-तीन वर्षांनी, लेखापरीक्षक फाइल उघडून बसतो तेव्हा. कृष्णाकाठच्या ग्रामपंचायतींचं दप्तर मी बरीच वर्षं सांभाळलं. त्यात जे अंगाशी आलं आणि जे निभावलं, ते नव्या सरपंचांसाठी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी लिहितो.

आधी अनुदानाचा आदेश वाचा. पैसे कुठल्या लेखाशीर्षाचे, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कुठल्या खात्याचे, कशासाठी, कधीपर्यंत खर्चायचे, हे त्यातच असतं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे 75 टक्के आणि राज्याचे 25 टक्के असतात, त्यामुळे विचारणारेही दोन्हीकडचे. गाळ काढायला आलेल्या पैशातून वेशीची कमान रंगवता येत नाही, पुरात तिचा रंग गेला असला तरी.

मग आणीबाणी कोणी ठरवली ते पाहा. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 50 नुसार बचाव आणि मदतीसाठी तातडीची खरेदी करता येते आणि निविदेची नेहमीची पद्धत माफ होते. पण ही मुभा राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाने द्यायची असते. जिल्ह्यात त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. सरपंचांनी चावडीत उभं राहून ‘आता आणीबाणी’ म्हटलं म्हणून ती लागू होत नाही. आदेश फोनवर मिळाला तर वेळ, कोण बोललं आणि काय सांगितलं हे लगेच वहीत टिपा, आणि पाणी उतरायच्या आत लेखी आदेश मागून घ्या. त्याच कलमात पुढे म्हटलंय की प्राधिकृत नियंत्रण अधिकाऱ्याने दिलेलं वापराचं प्रमाणपत्र हिशेबासाठी ग्राह्य धरलं जाईल. म्हणून त्या धांदलीतही हा एक कागद सोडू नका.

जेसीबीचं उदाहरण घ्या. मीटर सुरुवातीला किती, शेवटी किती, कुठल्या गल्लीतला गाळ काढला, आणि खाली दोन सह्या: एक चालकाची, एक आपल्या माणसाची. हे रोजच्या रोज शाळेच्या वहीत लिहिलं तरी चालतं. महिन्याने आठवून लिहिलेली वही पाहताक्षणी कळते, सगळं एकाच पेनने असतं.

पाणी उतरलं की नेहमीचा रस्ता धरा. पुढच्या पावसाळ्याची बोट, जनरेटर, लाइफ जॅकेट ही तातडीची खरेदी नव्हे. इथे उद्योग विभागाच्या 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयातली खरेदी नियमपुस्तिका आणि तिच्यातल्या नंतरच्या सुधारणा पाहाव्या लागतात. ई-निविदेची मर्यादा एके काळी 3 लाख होती, पुढे ती वाढवली गेली. तेव्हा जुन्या फाइलवरून आकडा उचलू नका, पंचायत समितीतून ताजा निर्णय मागवा. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावर, वस्तू मिळते का, तेही आधी बघा.

गरज लिहिताना वस्तू लिहा, कंपनी लिहू नका. 2019 मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडे लाइफ जॅकेटची मागणी पहिली येते. पण मागणीपत्रात नुसतं ‘लाइफ जॅकेट, 30 नग’ लिहिलं की सगळ्यात स्वस्त, थर्माकोल भरलेलं काहीतरी येतं आणि ते नाकारायला तुमच्याकडे आधार उरत नाही. किती वजनाच्या माणसाला तरंगत ठेवायला हवं, पट्टे किती, शिट्टी आणि चमकणारी पट्टी हवी की नको, मुलांच्या मापाची किती, एवढं तरी लिहाच.

आता दरपत्रकांचं. नोकरीच्या सुरुवातीला मी ताडपत्र्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, तिन्ही कोटेशनं मीच आणून देतो, तुम्ही कशाला हिंडता?’ मला बरंच वाटलं. लेटरहेड तीन वेगळी, शिक्के वेगळे. लेखापरीक्षकांनी काही न बोलता तिन्ही कागद माझ्यापुढे सरकवले आणि पेन्सिलीने एकेका शब्दाखाली रेघ ओढली. तिन्हींत ‘ताडपत्रि’, तिन्हींत तोच ऱ्हस्व. तो आक्षेप निकाली निघायला माझ्या दोन बदल्या होईपर्यंतचा काळ गेला. तेव्हा पत्र जावक क्रमांकाने पाठवा, दरपत्रकं बंद लिफाफ्यात घ्या, आवक शिक्का मारा आणि समितीसमोर उघडा. तुलनात्मक तक्ता त्याच दिवशी करून सगळ्यांच्या सह्या घ्या.

तारखा चढत्या क्रमाने हव्यात: ठराव, मागणी, दरपत्रक, तक्ता, पुरवठा आदेश, माल, बिल. पुरवठा आदेश 12 तारखेचा आणि बिल 10 तारखेचं असेल तर बाकी काही तपासायची गरजच उरत नाही.

मर्यादा चुकवायला सोमवारी 20 ताडपत्र्या, मंगळवारी आणखी 20, असे तुकडे पाडू नका. आणि नात्यागोत्याचं सांभाळा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14(1)(ग) प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्यत्वच जातं. गावात जेसीबी एकच आणि तो उपसरपंचांचा, हे नेहमीचं दुखणं. त्यांनी त्या रात्री फुकट चालवला तर आभाराचा ठराव घ्या. बिल काढायचं असेल तर शेजारच्या गावातून दुसऱ्याचा आणा.

माल आला की मोजून घ्या. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर नमुना 15 मध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंच्या साठा नोंदवहीत, आणि लाइफ जॅकेट नमुना 16 मध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत. नोंदीचा पान क्रमांक बिलावर लिहा, मगच पैसे. करार अडीच लाखांच्या वर असेल तर बिलातून जीएसटीचा 2 टक्के टीडीएस कापावा लागतो. तो बरेचदा राहून जातो, तेवढं बघा. उरलेली रक्कम आदेशात सांगितल्याप्रमाणे परत करा आणि पैसे ठरल्या कामालाच लागले असं उपयोगिता प्रमाणपत्र द्या. आपत्तीच्या पैशाचा किंवा साहित्याचा अपहार केला तर आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम 53 खाली 2 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

शेवटी पानांना क्रमांक घाला, वर अनुक्रमणिका लावा आणि एक झेरॉक्स पुराच्या रेषेच्या वर, शाळेच्या माडीवर वगैरे ठेवा. 2019 च्या पुरात आमच्या एका कार्यालयातलं खालच्या कप्प्यातलं दप्तर लगदा होऊन निघालं, आणि त्यात 2005 च्या पुराच्या खरेदीच्या फाइली होत्या.