समुद्राचे पाणी गोडे करताना ऊर्जा-पुनर्प्राप्ती यंत्र कसे निवडावे

आधी आकडेमोड. ताशी १०० घनमीटर समुद्राचे पाणी ६० बार दाबाने मेम्ब्रेनवर (मीठ अडवणाऱ्या पडद्यावर) ढकलले, त्यातले ४०% गोडे पाणी झाले. उरलेले ६० घनमीटर खारट पाणी ५८ बारवर बाहेर पडते, म्हणजे सुमारे ९७ किलोवॉट वाया. ही ऊर्जा परत वापरायला तीन यंत्रे.

पेल्टन चाक (खारट पाण्याच्या झोताने फिरणारे) पंपाच्या दांड्याला हातभार लावते, पण पंप १०० घनमीटरचाच लागतो. टर्बोचार्जर (खारट पाण्याने फिरून आत येणाऱ्या पाण्याचा दाब वाढवणारा) स्वस्त, सुटसुटीत; प्रवाह बदलला की कार्यक्षमता घसरते. प्रेशर एक्स्चेंजर खारट पाण्याचा दाब थेट समुद्राच्या पाण्याला देतो; त्याची कार्यक्षमता ९५ टक्क्यांच्या वर, मुख्य पंप साधारण ४० घनमीटरचा पुरतो; सोबत २-३ बारचा बूस्टर (कमी पडलेला दाब भरून काढणारा पंप) हवाच. वीज महाग असेल तर हाच घ्या.

सगळी गडबड होते ती प्रवाहाच्या तोलात. एक्स्चेंजरमध्ये येणारा समुद्राच्या पाण्याचा कमी दाबाचा प्रवाह बूस्टरच्या प्रवाहापेक्षा कमी पडला, की मेम्ब्रेनकडे जाणाऱ्या पाण्यात खारट पाणी मिसळते, मेम्ब्रेनवरचा दाब चढतो. दोन्हीकडे फ्लोमीटर बसवा. सुरू करताना आधी पुरवठा पंप, मग बूस्टर, शेवटी मुख्य पंप.