कळसूबाईचा सूर्योदय : वेळ उलटी मोजा

जानेवारीत सूर्य साधारण सात-सव्वासातला उगवतो. १६४६ मीटरच्या माथ्यावर पावणेसातला पोहोचायचं, तर पायथ्याच्या बारी गावातून पहाटे सव्वातीनला चढायला लागा. अंधारात तीन-साडेतीन तास सहज जातात. कसाऱ्याहून घोटीमार्गे जीपला पावणेदोन-दोन तास लागतात, म्हणजे कसारा स्टेशनवर रात्री एकच्या आत हवं. उशिराच्या लोकलवर भिस्त ठेवलीत तर सूर्य वाटेतच दिसेल.

जीप आधीच ठरवा. जाऊन-येऊन भाडं आणि थांबण्याचे पैसे एकदमच बोलून घ्या, नाहीतर परतताना कुरबूर होते. डोंगरात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून परतीची वेळ आणि जीप कुठे उभी राहणार हे जीपमधून उतरतानाच नक्की करा.

बॅटरी डोक्याला बांधायचीच घ्या. लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात, आणि दवाने पायऱ्या निसरड्या होतात. शनिवार-रविवारी शिडीखाली रांग लागते, अर्धा तास जास्तीचा धरा. माणशी दोन लिटर पाणी. चढताना अंगात एकच पातळ थर, सुका टी-शर्ट आणि कानटोपी सॅकमध्ये. माथ्यावर वारा घामाच्या कपड्यांतून हाडापर्यंत शिरतो.