पनवती काढायचा फाशांचा डाव फसतो कुठं? या चुका टाळा

पोळ्याची रात्र म्हणजे अमावास्या. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे इडा-पिडेचा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत पोट्टे घसा बसेस्तोवर ओरडतात. घरातली पनवती बाहेर काढायचा खेळ खेळायला याहून चांगली रात्र नाही, म्हणून आम्ही भावंडांनी एक डाव बनवला. पहिल्या वर्षी तो साफ फसला.

डाव सोपा आहे. जुन्या लग्नपत्रिकांचे पत्ते कापायचे, प्रत्येकावर एक झपाटलेली वस्तू काढायची: फुटका आरसा, एका डोळ्याची बाहुली, बंद असून बारा ठोके देणारं घड्याळ, वाड्याची गंजकी किल्ली. वस्तूवर एक आकडा लिहायचा. प्रत्येकाला पाच पत्ते. दोन फाशांची बेरीज जुळली की ती वस्तू डब्यात, म्हणजे घराबाहेर गेली. जोडी पडली, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखे ठिपके आले, तर आपली एक वस्तू डावीकडच्याच्या गळ्यात मारायची. हात आधी रिकामा झाला तो सुटला.

पहिली चूक आकड्यांची, आणि सगळ्यात मोठी तीच. आम्ही दोनपासून बारापर्यंत आकडे सरसकट वाटले. आरशाला बारा आला. साडेअकरा वाजले तरी आरसा आतेभावाकडेच! "आता त येईनच न बे," असं तो दर फेकीला म्हणायचा. फाशाला मागची फेक आठवत नाही, हे त्याला कोण सांगणार? दोन फासे ३६ तऱ्हांनी पडतात. त्यात बारा एकदाच येतो, सात मात्र सहा वेळा. म्हणून आता आम्ही फक्त ५ ते ९ हेच आकडे ठेवतो, प्रत्येकाला पाचही. छत्तीसपैकी २४ तऱ्हा त्यात येतात, म्हणजे सुरुवातीला तीन फेकींत साधारण दोनदा काहीतरी जातं. सातावर साधी किल्ली, पाच आणि नवावर बाहुली-आरशासारखी चिवट मंडळी.

दुसरी चूक जोडीची. सहा फेकींत सरासरी एकदा जोडी पडते. त्यामुळे बाहुली चौघांत गोल गोल फिरत राहिली, घराबाहेर काही पडेना. मारबत कोणी शेजारच्या मोहल्ल्यात नेऊन ठेवत नाही, ती शेवटी जाळतात. आम्ही उपाय काढला तो असा: हात बदललेल्या पत्त्याचा कोपरा दुमडायचा. दुमडलेला पत्ता पुन्हा जोडीवर द्यायची वेळ आली की तो शेजाऱ्याकडे न जाता थेट डब्यात. डाव तासाभरात आटोपायला लागला. आणि तीन-तीन पडले तर? सहाची वस्तू काढायची की जोडी धरायची, हे खेळणाऱ्यानं ठरवावं, पण दोन्ही नाही. हे आधीच बोलून घ्या, नाहीतर मध्यरात्री भांडणं होतात.

फासा पलंगाखाली गेला किंवा पत्त्याला टेकून तिरपा राहिला तर फेक बाद. परातीत टाका, खाली टॉवेल अंथरा, नाहीतर खणखणाटानं अख्खी चाळ उठेल. एकच आकडा सारखा पडतोय असा संशय आला तर ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला आणि फासा तरंगवून बघा. टिचकी मारल्यावर दर वेळी तीच बाजू वर आली तर तो फासा बदला. जड फासा मात्र बुडतो, त्याला ही परीक्षा लागू पडत नाही.

राहता राहिली भीती. दिवा मंद ठेवा, घड्याळाचे ठोके तोंडानं द्या, पुरे. वारलेल्या माणसाची खरी वस्तू पाटावर मांडू नका. गल्लीतल्या कुण्या बाईला चेटकीण करणं तर अजिबात नको. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, पण त्याच्याही आधी ती बाई उद्या आपल्याला दारात भेटणार आहे. लहान पोट्टं घाबरलं तर त्याला लिंबू-मिरचीचा जादा पत्ता द्या: गळ्यात आलेली एक वस्तू एकदाच परत पाठवता येते. आमच्याकडे तो पत्ता दर वर्षी आजी आधी मागून घेते.