सेप्सिसमधलं मूल: आधी फीड, मग सप्लिमेंट

सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराची प्रतिक्रिया बेताल होऊन अवयवांना इजा होणं. अशा मुलाबद्दल लहान मुलांच्या आयसीयूत नव्याने येणाऱ्या सिस्टरांना मी हेच सांगते. नातेवाईक विचारतात, "झिंक देऊ का? प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची पुडी)?" त्याआधी साधं दूध आतड्यात जातंय का ते बघा.

रक्तदाब सावरला, तो टिकवणाऱ्या औषधांचा डोस चढता नसला, की डॉक्टरांना विचारून, भरती झाल्यापासून 48 तासांच्या आत, नाकातल्या नळीने फीड सुरू करायचं. आईचं दूध मिळत असेल तर पहिली पसंती त्याला. सुरुवात अगदी थोडी. पण तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला काम मिळतं. प्रथिनं हळूहळू किलोमागे दिवसाला किमान 1.5 ग्रॅमपर्यंत न्यायची.

पोट फुगतंय का ते मोजून बघायला शिका. बेंबीच्या दोन्ही बाजूंना पेनाने खूण करा आणि टेप दर वेळी त्याच खुणांवरून फिरवा, नाहीतर प्रत्येक शिफ्टचा आकडा वेगळा (आणि वाद वेगळा!). पोट ताठ झालं, हिरवी उलटी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर फीड थांबवून लगेच डॉक्टरांना बोलवा. पोटात किती उरलंय ते सिरिंजने ओढून सतत मोजत बसायची जुनी सवय मात्र सोडा. 2020 च्या मुलांच्या सेप्सिसविषयक मार्गदर्शक सूचनाही ते सरसकट करू नका असंच सुचवतात.

ग्लुटामाइन, आर्जिनिन (ही दोन अमिनो आम्लं), सेलेनियम, झिंक ही सप्लिमेंटही सरसकट देऊ नका, असंच त्या सूचना सुचवतात. कमतरता सापडली तर गोष्ट वेगळी. प्रोबायोटिकची पुडी सेंट्रल लाइनजवळ (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीजवळ) फोडूच नका. त्यातले जिवाणू आयसीयूतल्या मुलांच्या रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत.